दोन हजार पन्नास साल आणि आमचा नाला

अमरावती,
शनिवार, भर दुपारी (कूलर चालू आहे, म्हणजे अजून वीज आहे)

अजीज गुलफाममियाँ,

तुमच्या दूल्हाभाईचा सलाम. उज्माबींना दुआ, मिस्बाह बेटीला बारावीच्या मार्कांबद्दल डोक्यावरून हात. तुमची पाठ आता कशी आहे? कृषी केंद्रातली खताची पोती स्वतः उचलू नका, असं मी मागच्या ईदेला सांगितलं होतं, तुम्ही मान हलवली होती आणि दुसऱ्याच दिवशी उचललीत, हे माझ्या कानावर आलं आहे. बाळापुरात ऊन किती, दुकानात गर्दी किती, सारं कळवा. आमच्याकडे खुशाली आहे. आमचा पोरगा हसनैन गाद्यांचं दुकान, आपलं गादीघर, सांभाळतो आणि मी हसनैनला सांभाळतो (तो म्हणतो, उलट आहे). तुमच्या नसीमआपांचे गुडघे होते तसेच आहेत, जीभही होती तशीच आहे, आणि दोन्हींपुढे डॉक्टरांनी हात टेकले आहेत.

हातात मोबाईल असताना दूल्हाभाई पत्र कशाला लिहीत बसले, असं तुम्हाला वाटेल. कारण साधं आहे. फोनवर तुम्हाला नकोसा विषय निघाला की बाळापूरचं नेटवर्क जातं. पत्राला मध्येच "आवाज कटून राहिला" म्हणता येत नाही. आणि मराठीत अशासाठी लिहितो, की तुम्ही आम्ही दोघंही मराठी शाळेतले. आपलं उर्दू बोलायला फर्डं आणि लिहायला लंगडं. शिवाय हे पत्र टपालात पडण्याआधी पार्वताबाई वाचणार आहेत. तशी अट आहे. (पार्वताबाई, इथवर वाचलं असेल तर चहा ठेवा, पुढे बरंच आहे.)

पार्वताबाई तुम्हाला आठवतच असतील. आमच्या मोहल्ल्याच्या मागून नाला जातो आणि नाल्याच्या पलीकडे त्यांचं घर. आपांना भेटायला तुम्ही उन्हाळ्यात यायचात तेव्हा आंब्याच्या रसासोबत ज्यांच्या हातचे सरगुंडे तुम्ही लाज सोडून खायचात, त्याच त्या. तुमची बहीण, आमची नसीम, लग्न होऊन या घरात आली त्या उन्हाळ्यात दोघींची ओळख झाली आणि तेव्हापासून पापड, कुरडया, शेवया, लोणची, पोरांची बाळंतपणं, सगळं दोघींनी मिळून केलं. पार्वताबाईंचे मालक गेले, मुलगा नितेश पुण्याला कंपनीत लागला, घरात त्या एकट्या उरल्या, तरी त्यांना एकटं वाटायला नसीमनं कधी वेळच दिला नाही. मध्ये एक लहानसा पूल होता. तो गेल्याच्या गेल्या वर्षी परतीच्या पावसात पुरानं नेला.

आता तुम्ही म्हणाल, पूल नाही तर रस्त्यानं जा. रस्त्यानं जायचं म्हणजे मोठ्या चौकापर्यंत जाऊन, तिथून ऑटो करून, सगळा वळसा घालून पलीकडच्या काठावर उतरायचं. आणि आमच्या इथला ऑटोवाला चौथं माणूस बसल्याशिवाय हँडलला हात लावत नाही. नसीमचे गुडघे एवढं मान्य करत नाहीत. मग दोघींनी उपाय काढला. रोज चार वाजता ही या काठावर आणि ती त्या काठावर, आणि मधून नाला; जे काय बोलायचं ते ओरडून. गुलफाममियाँ, या उपायानं माझी जी अब्रू गेली ती नाल्याला आलेल्या पुराबरोबरही गेली नसती. माझी शुगर किती निघाली हे मला कळण्याआधी पलीकडच्या काठावरच्या पंक्चरवाल्याला कळायचं. मी हसनैनपासून लपवून जिलबी खाल्ली, ते मशिदीत मला तीन जणांनी विचारलं. रात्री मी घोरतो कसा, याची नक्कल नसीमनं या काठावरून केली आणि त्या काठावरच्या कुत्र्यांनी उत्तर दिलं. मी म्हणालो, फोन कर ना बाई! तर म्हणे, "फोनवर तोंड दिसते काय? बोलताना तोंड पाहा लागते."

हसू आलं तर हसा, पण पुढचं हसण्यासारखं नाही. नितेश पोरगा गुणी आहे, आईची काळजी करतो. त्यानं एप्रिलात येऊन घर पाहिलं आणि म्हणाला, आई, तू इथं राहतेस कोणासाठी? तू कोणाकडे जात नाहीस, तुझ्याकडे कोणी येत नाही, पुण्याला चल. त्याचं काही चुकलं नाही; दिवसभरात घरात माणूस आलं नाही हे त्याला दिसलं, काठावरून काय येत होतं ते त्याला दिसलं नाही. पार्वताबाई हो म्हणाल्या. ती बातमीही आमच्या घरी नाल्यावरूनच आली. त्या दिवशी नसीम काठावरून लगेच परत फिरली. घरात आली आणि घासून ठेवलेली भांडी परत घासायला बसली. तुमच्या बहिणीला मी इतक्या वर्षांत गप्प बसलेलं पाहिलेलं नाही, आणि खरं सांगतो, मला ते अजिबात आवडलं नाही.

अशात मला निमंत्रण आलं. पुण्याची एक संस्था आमच्या शहराचं पुढच्या पंचवीस वर्षांचं चित्र काढणार होती, आणि तेही नागरिकांना विचारून. दोन हजार पन्नास साली आपलं शहर कसं असावं, ते आपण सांगायचं. नाल्याच्या दोन्ही काठांच्या मोहल्ल्यांची मिळून एक सभा ठेवली होती आणि मला ज्येष्ठ प्रतिनिधी केलं होतं (गादीघरात बसून मी पेपर मोठ्यानं वाचतो, त्याचा हा परिणाम). मी जाकीट शिवून घेतलं, भाषण लिहून काढलं. विषय: विमानतळ ते बडनेरा मेट्रो. नसीम म्हणाली, "तथी जाऊन पूल माग." मी तिला समजावलं, की अशा ठिकाणी पूल मागायचा नसतो, तिथं दृष्टी लागते, पंचवीस वर्षांच्या स्वप्नात नाल्यावरची फरशी कोण घालतं? यावर ती एवढंच म्हणाली, मी पण येते. नागरिक म्हणून.

सभा मंगल कार्यालयात होती. अपेक्षा मॅडम नावाची एक तरतरीत मुलगी ती चालवत होती. आमच्या मिस्बाहपेक्षा फार तर सात-आठ वर्षांनी मोठी असेल, पण काय समज, काय गोडवा! या काठाची टेबलं दाराकडे आणि त्या काठाची टेबलं स्टेजकडे, अशी तिनं मांडणी केली होती. आधी आलुबोंडे आणि कढी झाली. मग मॅडम म्हणाल्या, सगळ्यांनी डोळे मिटा आणि दोन हजार पन्नासमधलं आपलं शहर पाहा. आता, तीन-तीन आलुबोंड्यांवर एसीच्या थंड हवेत माणसाला डोळे मिटायला सांगणं हे धोक्याचं काम आहे. पलीकडच्या काठाचे देशपांडे मास्तर जे मिटले ते चहापर्यंत उघडलेच नाहीत. ते थेट दोन हजार पन्नासमध्ये मुक्कामाला गेले. डोळे उघडल्यावर मॅडमनी पार्वताबाईंना विचारलं, आजी, काय दिसलं? त्या म्हणाल्या, "काई नाई दिसलं, बाई. डोये मिटले का मले अंधारच दिसते. तुले काय दिसलं?" मॅडम हसल्या आणि त्यांनी हे उत्तरसुद्धा लिहून घेतलं. असं मनापासून विचारणारं माणूस आमच्या इथं कधी आलं होतं, मला आठवत नाही.

मग भिंतीवर आमच्या भागाचा हा एवढा नकाशा लावला आणि प्रत्येकाला रंगीत टिकल्या दिल्या. जिथं काही व्हावं असं वाटतं तिथं टिकली लावायची. बाग, दवाखाना, रस्ता, काहीही. आणि इथं, गुलफाममियाँ, आपल्या वऱ्हाडी माणसानं जे केलं ते पुण्याच्या कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नसणार. पंगतीत आपण आपल्या ताटात आधी वाढून घेतो काय? शेजारच्याकडे बोट करतो, त्यायले वाढा. तेच झालं. सगळ्यांदेखत स्वतःच्या गल्लीवर टिकली कशी लावायची? आमच्या लोकांनी सगळ्या टिकल्या पलीकडच्या काठावर लावल्या. ते पाहून पलीकडचे ओशाळले आणि त्यांनी सगळ्या आमच्या काठावर आणून लावल्या. आमच्या रहीमचाचांनी त्यांच्याकडे देवळाजवळ बाग मागितली, त्यांच्या तायडेकाकांनी आमच्याकडे कब्रस्तानाला दिवे मागितले. मग सुरू झाला आग्रह. तुमच्याकडं होऊ द्या. नाही, पहिले तुमच्याकडं. लोक लावलेल्या टिकल्या नखानं काढून दुसरीकडे नेऊ लागले. आहेराच्या साडीवरून होते तशी ओढाताण नकाशापुढं झाली. शेवटी तुमचं नको अन् आमचं नको म्हणून उरल्यासुरल्या सगळ्या टिकल्या लोकांनी मध्ये लावून टाकल्या. मध्ये काय आहे? नाला.

मॅडमनी नकाशा लांबून पाहिला आणि त्यांचे डोळे भरून आले. म्हणाल्या, इतक्या शहरांत फिरले, पण पाण्याशी इतकं जिव्हाळ्याचं नातं कुठं दिसलं नाही! लगेच पडद्यावर चित्र आलं: परदेशातली नदी, काठाला दिवे, पाण्यात होडी, होडीत एक जोडपं. दोन हजार पन्नासमध्ये आमच्या नाल्यात होड्या चालणार. इतक्या प्रेमानं बोलणाऱ्या पोरीला, बाई, या नाल्यात होडी घातली तर ती गाळात उभी राहील, असं सांगायचं कसं, हा सगळ्यांपुढं प्रश्न. मी म्हटलं, हीच वेळ मेट्रोची. जाकीट सारखं केलं, माईक हातात घेतला, आणि माईक एकदा किंचाळून मेला.

तेवढ्यात दाराकडच्या टेबलावरून आवाज आला. दीड वर्ष नाला ओलांडून कमावलेला आवाज आहे तो; त्याला माईक लागत नाही. "बाई, होडी नको! पूल पायजे, पूल!" तुमच्या आपा उभ्या होत्या. हॉलच्या दुसऱ्या टोकाला, स्टेजपाशी पार्वताबाई उठल्या आणि तेवढ्याच जोरात ओरडल्या, "कठड्याचं बी सांग वं नसीम! कठडा पायजे म्हना!" आणि मग, गुलफाममियाँ, सवयीचा परिणाम पाहा. चार वाजले होते. दोघी सुरूच झाल्या. गोळी घेतली काय? घेतली. कढी आंबट होती, नाई? होती ना बाप्पा, दही जुनं असन. अडीचशे माणसं इकडं एकदा आणि तिकडं एकदा पाहत होती, आणि यांना कोणाचं भान नव्हतं. मग नसीमनं विचारलं, "तिकीट काढलं काय नितेशनं?" पार्वताबाई म्हणाल्या, "काढलं वं. पावसाच्या आंधी नेतो म्हनते." नसीमनं समोरच्या खुर्चीची पाठ धरली.

तेव्हा अपेक्षा मॅडम माईकशिवाय, अगदी हळू म्हणाल्या, "आजी, तुम्ही एवढ्या लांबून का बोलताय? मध्ये तर काहीच नाही." दोघींनी मध्ये पाहिलं. मध्ये सतरंजी होती. दोघी निघाल्या. पार्वताबाई अर्ध्याच्या पुढे आल्या, नसीम आपल्या गुडघ्यांनी जेवढं नेलं तेवढी गेली, आणि चहाच्या पिंपापाशी दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या. पार्वताबाई नुसत्या तिच्या दंडाला हात लावून पाहत होत्या. देशपांडे मास्तर जागे झाले आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या, भाषण संपलं असं समजून. मी चष्मा पुसला. तिथली हवा फार थंड होती, काचा धुरकटतात.

सभेला बांधकाम खात्याचे कुलदीपसाहेब आले होते. तरुण माणूस, मघापासून कोपऱ्यात बसून सगळं ऐकत होता. तो उठून म्हणाला, की पक्का पूल या पन्नास सालच्या आराखड्यात पहिल्या टप्प्यात जाईल, पण पहिला टप्पाही या आजींना उशिराच होईल. एक रस्ता रुंद केला तेव्हा काढून ठेवलेला लोखंडी पादचारी पूल गोदामात पडला आहे; तो बसतो का, ते मी उद्या सकाळी येऊन मोजतो. अशा वचनांची आपल्याला सवय आहे, म्हणून आम्ही टाळ्या जपून वाजवल्या. पण माणूस खरंच सकाळी आला, गुलफाममियाँ, आणि पँट गुडघ्यापर्यंत दुमडून नाल्यात उतरला. मे संपायच्या आत पूल बसला. भराव दोन्ही काठांनी टाकला, हसनैननं दुकान बंद ठेवून घमेली वाहिली, आणि कठडा असा पक्का आहे की नसीम त्याला धरून उभी राहून गप्पा मारू शकते. अपेक्षा मॅडम पुण्याहून फोन करून रोज विचारत होत्या, कुठवर आलं.

पूल सुरू व्हायच्या दिवशी आणखी एक घोटाळा झाला. दोन्ही काठांवर माणसं जमली आणि पहिलं पाऊल कोणी ठेवायचं यावर अडली. तुमी या पहिले. नाई, नाई, तुमी. ऊन चढत गेलं, पूल रिकामाच. शेवटी एक बकरी (कोणाची ते विचारू नका, सुटली कशी हे मला माहीत नाही) गळ्यातल्या दोरीसकट या टोकावरून त्या टोकाला गेली आणि पुलाचं उद्घाटन झालं. तिच्यामागं तिला धरायला म्हणून मी, माझ्यामागं नसीम. त्या दिवशी संध्याकाळी तिनं पार्वताबाईंच्या ओसरीवर दीड वर्षानंतर पाय ठेवला. मी तिथंच होतो. मला कोणी पाणीसुद्धा विचारलं नाही, आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

तेव्हा हे पत्र तसं शुक्रगुजारीचं आहे. अल्लाहचे उपकार आहेतच, पण त्यानं जी माणसं धाडली त्यांचेही मानायला हवेत: नाल्यात उतरणारा तो साहेब, अंधाराचं उत्तरही लिहून घेणारी ती मुलगी, आणि आमचे दोन्हीकडचे हे अडेलतट्टू लोक, ज्यांना स्वतःसाठी काही मागताच आलं नाही. मी या शहराला उठल्यासुटल्या नावं ठेवतो. काही दिवस ठेवणार नाही. एकच गैरसोय झाली आहे. दोघी आता ओसरीवर बसून हळू बोलतात आणि मोहल्ल्याला काही कळत नाही. पंक्चरवाला मला काल विचारत होता, चाचा, शुगर किती निघाली? मी म्हटलं, बाबा, मलाही सांगून नाही राहिले.

पाठीला जपा, उज्माबींचं ऐका. आमच्या घराची दारं तुमच्यासाठी उघडी आहेत, आणि आता मागच्या बाजूनंही यायला रस्ता झाला आहे.

तुमचा दूल्हाभाई,
शफीक

ता. क. मेट्रोचं भाषण तसंच खिशात आहे. अकोल्याला कुठं अशी सभा होणार असेल तर कळवा. बडनेऱ्याऐवजी बाळापूर घातलं की काम भागेल.

दुसरा ता. क. वर सगळं गोड लिहिलं, पण एक गोष्ट राहिली. नितेशनं तिकीट रद्द केलेलं नाही, पुढं ढकललं आहे. तो म्हणतो, दिवसाचं ठीक आहे, पूल झाला. पण रात्री आई एकटी, पडली-झडली तर कोण? त्याचं म्हणणं असं, की घरात कोणी सोबतीला राहणार असेल तरच आईला इथं ठेवतो. पार्वताबाईंकडे समोरची खोली रिकामी आहे. तिथून विद्यापीठाची सिटी बस मिळते. तुम्ही मिस्बाहला अमरावतीला धाडत नाही, कारण हॉस्टेलवर तुमचा भरवसा नाही आणि आमच्या दोन खोल्यांत पोरीला अभ्यासाला कोपरा नाही, हे तुम्ही मला फोनवर सांगितलं होतं, त्यानंतर नेटवर्क गेलं होतं. आता बोला. फुफी, तिची सख्खी आत्या, पुलाच्या या टोकाला राहील. मांस-मच्छीचं फुफीकडं, बाकी जेवण तिकडं, नमाजाला खोलीत जागा आहे. हे सगळं दोघींनी मला न विचारता ठरवून टाकलं आहे. पार्वताबाईंचं पुण्याला जाणं टळायचं तर तुमच्या 'हो'वर टळेल. एवढ्यासाठीच हे सगळं पत्र लिहिलं, नाहीतर मला आलुबोंड्यांचं वर्णन करायची हौस नव्हती.

तिसरा ता. क. (हा मी लिहिलेला नाही. पार्वताबाईंनी पत्र वाचलं आणि पेन मागून घेतलं. अक्षर त्यांचं.)

गुलफामभाऊ, पार्वताबाईचा रामराम. शफीकभाऊनं वर लिहलं थे वाचलं. बरं लिहलं, पण शेवटचं मले पटलं नाई. पोरगी माया घरी राह्यली तं मले सोबत होईन, हे खोटं नाई. पण तुमी तिले मायासाठी नका धाडू. मी काय, पुण्याले बी राहीन, पोटच्या पोराकडं जा लागते, त्यात कायचं दुःख. त्या मॅडमनं मले इचारलं का पन्नास साली तुले काय दिसते, तं मले काईच दिसलं नाई. काहून दिसन? तवा मी नसन, नसीम नसन, तुमी बी नसान. मिस्बाह असन. मंग तिले कोनं इचारलं का तिले काय दिसते? तुमी तरी इचारलं काय? तुमी मले नका कळवू. तिले इचारा, अन् थे जे म्हनन थेच करा. नाई म्हनली तरी मी रागवत नाई. खाट मी खिडकीपाशी टाकून ठेवली हाये.